मिठाच्या खड्यापासून सुरुवात: संयुजा इलेक्ट्रॉन आणि आयनिक संयुगं समजून घेताना

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आगरवाडा आहे. नावातच आगर असलेलं गाव. उन्हाळ्यात तिथून गेलात तर मिठागरांच्या बांधांवर मिठाचे ढीग दिसतात आणि रस्त्याच्या कडेला ते विकायलाही ठेवलेलं असतं. माझ्याकडे नववी-दहावीची मुलं विज्ञान शिकायला येतात. रसायनशास्त्राच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या तळहातावर त्या मिठाचा एक खडा ठेवते. पाकिटातलं बारीक मीठ त्या कामाला चालत नाही.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जातं. नववीत पोचेपर्यंत भाषेची थोडी सवय झालेली असते, पण तेवढ्यात व्हॅलन्सी, व्हॅलन्स इलेक्ट्रॉन, ऑक्टेट, आयन असे शब्द एकदम अंगावर येतात. अर्थ लागत नाही, मग मुलं तक्ता पाठ करतात: सोडिअम एक, मॅग्नेशिअम दोन, अ‍ॅल्युमिनिअम तीन. माझं म्हणणं एवढंच आहे की हा तक्ता पाठ करायची गरज नाही. अणूतले इलेक्ट्रॉन मांडता आले की तो तक्ता तुम्हाला स्वतः काढता येतो आणि त्यातून संयुगाचं सूत्रही. खाली जे लिहिलंय ते ज्याने हा धडा कधी उघडलाच नाही त्याच्यासाठी, आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांसाठीही.

वही, पेन्सिल, आवर्तसारणीचा तक्ता, एक भिंग आणि खडेमीठ जवळ घेऊन बसा. मूलद्रव्यांची चिन्हं वर्गात रोमन अक्षरांतच लिहायची आहेत. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.

पायरी पहिली: इलेक्ट्रॉन मांडा

अणूच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. केंद्रकाभोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनवर धन प्रभार (विद्युतभार) असतो, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या, आणि अणूवर एकूण प्रभार शून्य असल्यामुळे इलेक्ट्रॉनही तितकेच.

आतून बाहेर कवचांची नावं के, एल, एम, एन. के कवचात २ इलेक्ट्रॉन मावतात, एलमध्ये ८. एममध्ये खरं तर १८ मावतात, पण सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत. म्हणून पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरता क्रम २, ८, ८, २ असा धरा.

सोडिअमचा अणुअंक ११, मांडणी २, ८, १. क्लोरीन १७, मांडणी २, ८, ७. मॅग्नेशिअम १२, मांडणी २, ८, २. ऑक्सिजन ८, मांडणी २, ६. अ‍ॅल्युमिनिअम १३, मांडणी २, ८, ३.

पोटॅशिअमपाशी हटकून चूक होते. अणुअंक १९. मुलं २, ८, ९ लिहितात, कारण एममध्ये जागा शिल्लक दिसते. बरोबर मांडणी २, ८, ८, १ आहे. कवचांच्या आत उपकवचं असतात आणि चौथ्या कवचातलं पहिलं उपकवच तिसऱ्यातल्या शेवटच्या उपकवचाआधी भरतं. हा भाग अकरावीत सविस्तर येतो. पोटॅशिअम आणि कॅल्शिअम ही दोन नावं मात्र आत्ताच वहीत ठळक करून ठेवा.

वीसच्या वीस मूलद्रव्यांची मांडणी एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढा. अर्धा तास लागतो. पुढचं सगळं या अर्ध्या तासावर उभं आहे, म्हणून ही पायरी मी कुणालाही टाळू देत नाही.

पायरी दुसरी: शेवटचा आकडा

मांडणीतला शेवटचा आकडा म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या. सर्वांत बाहेरच्या कवचातले हे इलेक्ट्रॉन. वर्गात यांनाच व्हॅलन्स इलेक्ट्रॉन म्हणतात. दोन अणू जवळ आले की त्यांची बाहेरची कवचंच एकमेकांना भिडतात, म्हणून रासायनिक क्रियेत भाग घेतात ते हेच.

संयुजा इलेक्ट्रॉन आणि संयुजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुजा, म्हणजे व्हॅलन्सी, हा अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा. क्लोरीनचे संयुजा इलेक्ट्रॉन सात, पण त्याची संयुजा एक, कारण आठ व्हायला त्याला एकच कमी पडतो. ऑक्सिजनचे सहा, संयुजा दोन. सोडिअमच्या बाबतीत दोन्ही आकडे एकच येतात. बहुतेक ठिकाणी पहिलं उदाहरण सोडिअमचंच दिलेलं असतं, त्यामुळे मुलांना दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटायला लागतात. मी म्हणूनच पहिलं उदाहरण क्लोरीनचं घेते.

आवर्तसारणी समोर असेल तर मांडणी न लिहिताही हा आकडा मिळतो. गण म्हणजे सारणीतला उभा रकाना. गण १ आणि २ मध्ये संयुजा इलेक्ट्रॉन अनुक्रमे एक आणि दोन. गण १३ ते १८ मध्ये गणाच्या अंकातून दहा वजा करा. गण १८ मधलं हेलिअम तेवढं अपवाद, त्याच्याकडे एकूण इलेक्ट्रॉनच दोन. मधले गण, तीन ते बारा, यांना ही युक्ती लागू नाही.

पायरी तिसरी: आठच का?

नेऑनची मांडणी २, ८. आर्गॉनची २, ८, ८. हे राजवायू कुणाशी सहजासहजी संयोग पावत नाहीत. बाहेरचं कवच आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण असणं ही स्थिर मांडणी आहे, आणि तिला अष्टक म्हणतात. इथपर्यंत सगळीकडे शिकवतात. त्यापुढे "सोडिअमला नेऑनसारखं व्हायचं असतं" असं एक वाक्य येतं, ते मला पटत नाही. अणूला इच्छा नसते. त्याऐवजी मी मुलांना मोजून काढलेले आकडे दाखवते.

सोडिअमच्या एक मोल अणूंमधून (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरलेलं, खूप मोठं माप) प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. दुसरा काढायचा तर ४५६२ किलोज्यूल. नऊपटीहून जास्त! मॅग्नेशिअमचा पहिला इलेक्ट्रॉन ७३८ मध्ये निघतो, दुसरा १४५१ मध्ये, आणि तिसऱ्याला एकदम ७७३३ लागतात.

हे आकडे मांडणीशेजारी ठेवून पाहा. सोडिअमच्या शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन आहे आणि एकानंतरच आकडा उसळतो. मॅग्नेशिअमच्या शेवटच्या कवचात दोन आहेत, तिथे दोनानंतर उसळतो. बाहेरचं कवच रिकामं झालं की पुढचा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातून उपटावा लागतो, आणि तो केंद्रकाच्या जवळ, घट्ट धरलेला असतो. सोडिअम नेहमी एकच इलेक्ट्रॉन का गमावतो आणि मॅग्नेशिअम दोनच का, याचं उत्तर इथे आहे. मांडणी आपण कागदावर केली, पण ऊर्जेचे आकडे प्रयोगशाळेत मोजलेले आहेत, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी शिकवायला लागून काही वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून हा धडा माझा आवडता झाला.

व्यवहारापुरता नियम असा: शेवटच्या कवचात एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन असलेले धातू ते गमावतात. पाच, सहा किंवा सात असलेले अधातू उरलेली जागा भरून काढतात. कार्बनसारखा चार इलेक्ट्रॉनवाला अणू सहसा या देण्याघेण्यात पडत नाही, तो इलेक्ट्रॉन वाटून घेतो. तो सहसंयुज बंध, तो विषय वेगळा.

पायरी चौथी: प्रभाराची वजाबाकी

इलेक्ट्रॉन गमावला म्हणजे वजा झालं, म्हणून प्रभार ऋण. हे उत्तर मला दरवर्षी मिळतं, आणि हुशार मुलांकडूनही मिळतं. त्यावर मी वहीत एक ओळ लिहायला लावते: प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन.

सोडिअमने एक इलेक्ट्रॉन गमावला. प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०, वजाबाकी अधिक एक. क्लोरीनला एक मिळाला. प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १८, वजाबाकी उणे एक. प्रभार असलेल्या अशा अणूला आयन म्हणतात. धन प्रभार असेल तर धनायन, ऋण असेल तर ऋणायन. प्रोटॉन या व्यवहारात कधीच हलत नाहीत, त्यामुळे सोडिअम आयनाकडे नेऑनइतके दहा इलेक्ट्रॉन असले तरी तो सोडिअमच राहतो.

आकारही बदलतो. सोडिअमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर असते. बाहेरचं कवचच गेल्यावर आयनाची त्रिज्या १०२ पिकोमीटर उरते. क्लोरीनचं उलट होतं, ९९ वरून १८१. म्हणजे मिठात लहान सोडिअम आणि मोठं क्लोराइड (क्लोरीनच्या आयनाचं नाव) अशी मांडणी असते. वहीत दोघांची वर्तुळं सारखी काढू नका.

पायरी पाचवी: सूत्र लिहिणं

नियम एकच. संयुगाचा एकूण प्रभार शून्य आला पाहिजे.

सोडिअम अधिक एक, क्लोराइड उणे एक, बेरीज शून्य. सूत्र एनएसीएल. मॅग्नेशिअम अधिक दोन, त्याला उणे एकवाले दोन क्लोराइड लागतात. सूत्र एमजीसीएल२. इथे एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, मागीर तो दुसरो क्लोरीन खंयचो?" दुसरा क्लोरीन आणायचा कुठून? तिच्या डोळ्यांसमोर फळ्यावरचा एक मॅग्नेशिअम आणि एक क्लोरीन एवढेच होते. प्रश्न अगदी योग्य होता. चंबूत अणू दोन-चार नसतात, असंख्य असतात, आणि प्रत्येक मॅग्नेशिअममागे दोन क्लोरीन अणूंशी व्यवहार होतो. सूत्रातला लहान दोन म्हणजे हे प्रमाण.

आकडे मोठे झाले की तिरकस गुणाकाराची युक्ती वापरतात: एकाच्या प्रभाराचा आकडा दुसऱ्याच्या पायाशी लिहायचा. अ‍ॅल्युमिनिअम अधिक तीन, ऑक्साइड उणे दोन, म्हणून एएल२ओ३. पडताळा घ्या: दोन गुणिले तीन सहा, तीन गुणिले उणे दोन उणे सहा, बेरीज शून्य. कॅल्शिअम आणि ऑक्सिजनला तीच युक्ती लावली तर सीए२ओ२ येतं, ते संक्षिप्त करून सीएओ लिहायचं. युक्ती वापरा, पण पडताळ्याची ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पडताळ्याची ओळ नसेल तर उत्तर बरोबर असूनही वही परत देते.

काही आयन एकाहून जास्त अणूंचे असतात आणि गटानेच वावरतात: हायड्रॉक्साइड उणे एक, नायट्रेट उणे एक, कार्बोनेट उणे दोन, सल्फेट उणे दोन, अमोनिअम अधिक एक. हे पाच मात्र पाठ करा, कारण ते मांडणीवरून सहज निघत नाहीत. विड्याला लावायचा चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअम अधिक दोन, म्हणून हायड्रॉक्साइड दोन, आणि गट दोनदा आल्यामुळे त्याला कंस. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसवलेले असतात, ते मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. तिथे अधिक दोन आणि उणे दोन, म्हणजे एकास एक. पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत. भाजल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शिअम ऑक्साइड, म्हणजे चुनकळी उरते. तिच्यात पाणी घातलं की चुना होतो.

पायरी सहावी: हे सगळं घडतं कशाच्या जोरावर?

पाचव्या पायरीपर्यंत आलात तर परीक्षेतले गुण मिळतील. पण रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं, म्हणून या पायरीवर थोडं थांबा.

सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, हे वर आलं. क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ऊर्जा बाहेर पडते, पण ती ३४९ किलोज्यूलच. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७ किलोज्यूलचा तोटा आहे. "सोडिअम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन आनंदाने घेतो" हे चित्र आकड्यांसमोर टिकत नाही. शिवाय सोडिअम हा घन धातू असतो, त्याचे सुटे अणू करायला १०८ लागतात. क्लोरीन जोडीने असतो, ती जोडी तोडून एक मोल अणू मिळवायला १२२ लागतात. सगळं मिळून ३७७ किलोज्यूलचा खर्च.

हा खर्च भरून निघतो तो आयन एकत्र येऊन स्फटिक रचला जाताना. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि असंख्य धनायन-ऋणायन जाळीत बसतात, तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. खर्च वजा केला तर ४१० उरतात. प्रयोगाने मोजलेला आकडा ४११ आहे. हा हिशेब एक मोल मिठाचा, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा, साधारण मूठभर.

म्हणून आयनिक बंध कशाने झाला असं विचारलं तर "इलेक्ट्रॉन दिला-घेतला म्हणून" हे अर्धंच उत्तर आहे. देण्याघेण्याने आयन तयार होतात. बंध म्हणजे त्या आयनांमधलं आकर्षण, आणि संयुग टिकतं ते आकर्षणातून सुटलेल्या ऊर्जेमुळे. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतून आयन तयार होतात ही कल्पना वाल्थर कोसेल या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायची पद्धतही त्याच वर्षीची, अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांची.

पायरी सातवी: आता खडा हातात घ्या

भिंगातून पाहा. मिठागरातला खडा ओबडधोबड दिसतो, कारण तो अनेक लहान स्फटिकांचा गोळा असतो. त्याचा कोपरा नीट न्याहाळला की सपाट पृष्ठभाग आणि काटकोन दिसायला लागतात. प्रत्येक लहान स्फटिक घनाकृती असतो. आत प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, वर, खाली आणि चार बाजूंना. एक मिलिमीटरच्या कडेवर असे सुमारे ३५ लाख आयन ओळीने बसतात.

यात कुठेही "एक सोडिअम, एक क्लोरीन" अशी सुटी जोडी नाही. मिठाचा रेणू नसतो. वहीत दोन वर्तुळं चिकटवून काढलेलं चित्र देवाणघेवाण समजायला ठीक आहे, पण मिठाचं चित्र ते नव्हे. क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची ही रचना ब्रॅग पितापुत्रांच्या कामातून १९१३ मध्ये उलगडली. तरी हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या नावाजलेल्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला १९२७ मध्येही ती मान्य नव्हती, आणि त्यांनी तसं जाहीरपणे लिहिलं. तेव्हा नववीतल्या मुलाला हे पहिल्या दिवशी पटलं नाही तर त्याला रागावू नये.

एखादा स्वच्छ स्फटिक मिळाला तर तो पाटीवर ठेवा, सुरीचं पातं त्याच्या कडेला समांतर धरा आणि वरून हलका ठोका द्या. हे मोठ्यांनी करावं. तो सपाट फुटतो. धातूचा तुकडा ठोकला तर चेपतो, मीठ फुटतं. ठोक्याने आयनांचा एक थर किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, आणि एका क्षणात आकर्षणाचं प्रतिकर्षण होऊन थर वेगळे होतात. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, याचंही कारण तेच सर्व बाजूंचं आकर्षण. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन-दोन प्रभार समोरासमोर असतात, ते २८५२ अंशांना वितळतं.

चांगला स्फटिक हवा असेल तर घरी तयार करा. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच. त्यामुळे गरम द्रावण थंड करून मीठ फारसं बाहेर पडत नाही, पाणीच उडून जावं लागतं. मिठागरात उन्हाची वाट का बघतात ते या दोन आकड्यांत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम, त्यातलं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो मिठासाठी हिशेबाने निदान ३७ लिटर पाणी आटवावं लागतं. द्रावण फडक्याने गाळून काचेच्या बशीत खिडकीत ठेवा आणि हलवू नका. मार्चमध्ये चार-पाच दिवसांत स्फटिक दिसतात. जुलैत हा प्रयोग करू नका, हवेतच इतका ओलावा असतो की बशी वाळत नाही.

विजेचा प्रयोग

नऊ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. सगळं एका ओळीत जोडा, मध्ये पेन्सिलींच्या शिशांची फट ठेवा. ही फट कोरड्या मिठात बुडवली तर दिवा लागत नाही. मिठाच्या पाण्यात लागतो. साखरेच्या पाण्यात पुन्हा नाही. आयन कोरड्या स्फटिकातही असतात, पण जागच्या जागी अडकलेले. पाण्यात ते सुटे होऊन हलू शकतात. साखर सहसंयुज आहे, ती रेणूंच्या रूपात विरघळते, आयन देत नाही.

बोर्डातली वीज या प्रयोगाला कधीही वापरायची नाही. आणि दिवा लागलेला दिसला की काही सेकंदांत जोडणी काढा. एका शिशापाशी क्लोरीन वायू तयार व्हायला लागतो, त्याला ब्लीचिंग पावडरीसारखा उग्र वास येतो आणि तो श्वासात घेणं वाईट. खिडकी उघडी असू द्या.

ही रीत कुठे चालत नाही

डिचोली-सत्तरीकडची मुलं विचारतात, आमच्याकडच्या लोहखनिजाचं काय? त्यातलं हेमॅटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड, एफई२ओ३. यात लोह अधिक तीन असतं. पण लोहाची अधिक दोन प्रभाराचीही संयुगं आहेत. लोह गण ८ मधलं, आपण आधी बाजूला ठेवलेल्या मधल्या गणांतलं. तिथे आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही व्यवहारात येतात, म्हणून शेवटचा आकडा पाहून प्रभार सांगता येत नाही. असा धातू आला की नावातच प्रभार दिलेला असतो, आयर्न थ्री ऑक्साइड असा. तो वाचा आणि पाचव्या पायरीवर जा.

दोन अधातू एकत्र आले, जसं पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड, तर ही रीत वापरू नका.

सरावासाठी चार

पोटॅशिअम आणि गंधक. कॅल्शिअम आणि नायट्रोजन. अ‍ॅल्युमिनिअम आणि सल्फेट. चौथा प्रश्न तोंडी: पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मे महिन्यात भरून ठेवलेलं खडेमीठ जूनमध्ये बरणीत पाझरायला का लागतं?

पहिल्याचं उत्तर के२एस. दुसऱ्यात कॅल्शिअम अधिक दोन आणि नायट्रोजन उणे तीन, म्हणून सीए३एन२. पडताळा अधिक सहा, उणे सहा. तिसऱ्यात अ‍ॅल्युमिनिअम दोन, सल्फेट तीन, आणि सल्फेटला कंस.

चौथ्याचं उत्तर वरच्या पायऱ्यांमध्येच आहे. समुद्राच्या पाण्यात सोडिअमखालोखाल मॅग्नेशिअमचे धनायन असतात. मिठागरात मीठ आधी बाहेर पडतं आणि मॅग्नेशिअम क्लोराइड कडवट पाण्यात मागे राहतं, पण त्यातलं थोडं खड्यांना चिकटून येतंच. मॅग्नेशिअमने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणून त्याचा आयन सोडिअमच्या आयनाहून लहान आणि प्रभार दुप्पट. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते, तिला तो जोराने ओढून धरतो. पावसाळी हवेतली वाफ आधी या मॅग्नेशिअम क्लोराइडवर जमते, त्या पाण्यात मग मीठही विरघळतं, आणि बरणीच्या तळाशी पाणी साचतं.